राक्षसाच्या पायाखालचं गाव

तोकुहेइ ओबाता या सुताराने पंधरा वर्षांत दोन हजारांवर घरं बांधली, आणि सगळी पडावीत म्हणूनच बांधली. तामा नदीकाठच्या कामोमे स्टुडिओत राक्षसांचे सिनेमे निघत. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत एक, आणि जमलं तर नव्या वर्षाला आणखी एक. समुद्रातून, ज्वालामुखीतून, नाहीतर कुठल्याशा ग्रहावरून एक अगडबंब जनावर यायचं आणि तोकुहेइने महिनाभर खपून उभं केलेलं शहर दोन मिनिटांत भुईसपाट करून जायचं. जनावराच्या पोटात गेंगो बांदो नावाचा माणूस असायचा. सुमोच्या आखाड्यातून गुडघा गेला म्हणून बाहेर पडलेला, जेवायला बसला की भाताचं भांडं एकटा रिकामं करणारा आणि स्वभावाने अगदी गाय.

जनावर म्हणजे रबराचा पोशाख. पाठीवरची चेन खवल्यांच्या रांगेत लपवलेली, पण गेंगो वाकला की ती हमखास तोंड बाहेर काढायची. शेपटीला वरून तारा बांधलेल्या, त्या दिव्यांत चमकायच्या. डोळ्यांच्या जागी मोटारसायकलचे दिवे. एकदा तर उडत्या राक्षसाची सावली आभाळावर पडली, कारण आभाळ रंगवलेलं होतं आणि तीन हातांवर होतं. शहाणी माणसं या सिनेमांची टर उडवायची आणि तीच माणसं पोरांना घेऊन तिकिटाच्या रांगेतही उभी राहायची. पोरांना तार दिसायची, चेन दिसायची, सगळं दिसायचं. त्यांचं काही अडत नव्हतं. एवढा मोठा मनोरा कोसळतोय म्हटल्यावर तारेकडे कोण बघतो? आणि मनोरा मात्र खराखुरा कोसळायचा. ते कसब तोकुहेइचं, पण पडद्यावरच्या नावांत त्याचं नाव एकदाही आलं नाही, आणि ते आलं नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चांगलं पडणारं घर बांधणं सोपं नाही. कच्चं बांधलं तर दिव्यांच्या उष्णतेनेच मान टाकतं. पक्कं बांधलं तर आतल्या माणसाचा पाय मोडतो. तोकुहेइची रीत अशी, की घर आधी नीट बांधायचं, खांब, तुळया, वासे सगळं जागच्या जागी, आणि शेवटच्या दिवशी बारीक करवत घेऊन प्रत्येक खांब आतल्या बाजूने चारांतले तीन हिस्से कापायचा. उरलेल्या एका हिश्शावर घर उभं राहायचं आणि पाय पडला की एका दमात खाली बसायचं. पोशाखातल्या माणसाला धड दिसत नाही, राक्षसाच्या गळ्याला पाडलेल्या चार भोकांतून तो जग बघतो. म्हणून राक्षसाच्या वाटेतलं असो वा नसो, एकही घर न कापता सेटवर जायचं नाही. हा नियम तोकुहेइनेच घातला होता. एका नवशिक्याने हौसेने केलेलं देवळाचं दार तसंच ठेवलं, तेव्हा तोकुहेइने सगळ्यांदेखत त्याची हजेरी घेतली होती. "तुझं दार राहील रे, पण गेंगोचा पाय राहणार नाही. डोक्यात शिरलं का?"

एकाहत्तर साल उजाडलं तेव्हा कामोमेचे दिवस भरत आले होते. घरोघरी टीव्ही आलेला, थिएटरं ओस पडलेली. मालकांनी ठरवलं, यंदा राक्षस शहरात जाणार नाही. काचेच्या खिडक्यांच्या इमारती परवडत नाहीत. यंदा राक्षस डोंगरातल्या खेड्यात जाईल, तीसेक गवती घरं तुडवेल आणि पाण्यात बुडून मरेल. राक्षसाचं नाव ठरलं बेरांदोन. पोशाख जुनाच, चार वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच राक्षसाचा. त्याला हिरवा रंग फासला, एक शिंग चिकटवलं, शेपूट पार झडलं होतं म्हणून नवं बारीक शेपूट लावलं. झाला बेरांदोन.

दिग्दर्शक इगारींनी सुतारांना बोलावून विचारलं, "डोंगरातलं खेडं कुणी जवळून बघितलंय का?"

"मी बघितलंय, साहेब," तोकुहेइ म्हणाला.

बघितलंय म्हणजे काय, जन्मच तिथला. गावाचं नाव कुवादाइरा. घरं एकतीस. छप्पन साली धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. माणसं चार दिशांना पांगली, म्हातारी होती ती एकेक करून संपली. गावाचा एकच फोटो होता, निरोपाच्या दिवशीचा. त्यात सगळे इतक्या दाटीवाटीने उभे राहिले होते की मागचं गावच दिसत नव्हतं.

तोकुहेइबरोबर टोकियोला आली ती त्याची थोरली बहीण हात्सुए. त्याचं लग्न झालं नव्हतं, तिचं होऊन न झाल्यासारखं. बाविसाव्या वर्षी तिला गावातल्याच पाणचक्कीच्या घरी दिली होती. नवरा अबोल पण मायाळू. सहा वर्षं संसार झाला. मग नवरा चीनच्या लढाईत गेला, त्याच हिवाळ्यात चार वर्षांची मुलगी तापाने गेली आणि सासऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं. वडिलांच्या घरात ती पुढे अठरा वर्षं राहिली, रेशमाचे किडे पाळले, आईवडिलांचं सगळं केलं, पण त्या घराविषयी तिच्या तोंडून कधी बरावाईट शब्द आला नाही. बोलायची ती पाणचक्कीविषयी. आता ती बासष्ट वर्षांची होती आणि दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. बांबूच्या नळीतून बघावं तेवढंच तिला दिसायचं, आणि नळी महिन्यामहिन्याला अरुंद होत होती. डॉक्टरांनी वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली होती.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना तोकुहेइने सांगितलं, "ताई, यंदा मी कुवादाइरा बांधतोय."

"कुठं?"

"स्टुडिओत. गुडघ्याएवढं. बेरांदोन येऊन तुडवणार."

हात्सुएने हातातली वाटी खाली ठेवली. "आणि पाणचक्की?"

"एकतीसच्या एकतीस घरं घेतलीत. पाणचक्की वगळीन होय?"

"मला ने ना मग बघायला."

ते जमण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कुणी मासिकवाला सेटवर घुसला होता, आणि राक्षसाचं डोकं काखेत धरून सिगरेट ओढणाऱ्या गेंगोचा फोटो देशभर छापून आला होता. तेव्हापासून बाहेरच्या माणसाला दारातच अडवत. तोकुहेइ म्हणाला, "मी पाणचक्कीच चार दिवस घरी आणतो, कुणाला कळणार नाही."

"सुटं घर आणून मी काय करू? खेळणं का आहे ते? गावात उभं असलेलं बघायचंय मला, ओढ्याकाठी. सिनेमात दिसेल का, तुडवायच्या आधी?"

"दिसेल."

"किती वेळ?"

"विचारतो साहेबांना."

"विचार. माझे डोळे आहेत तोवर एकदा ते घर बघू दे मला. मग तुझा राक्षस येऊ दे नाहीतर राक्षसाचा बाप येऊ दे."

इगारींनी हिशेब न करताच सांगितलं, चार सेकंद. आधी चार सेकंद शांत गाव, मग राक्षस.

"चार सेकंद म्हणजे किती रे?" हात्सुएने विचारलं.

"एकदा श्वास घेऊन सोडायचा, एवढं."

"पुरे," ती म्हणाली आणि उरलेलं जेवण जेवली.

मार्च आणि एप्रिल तोकुहेइने कुवादाइरात काढले. पंधरा वर्षांत त्याच्या हातून असं काम झालं नव्हतं. झाडूच्या काड्या कातरून त्याने गवती छपरं शाकारली. ओढ्यातले दगड नदीवर जाऊन एकेक निवडून आणले. कुणाच्या अंगणात सरपणाची रास कुठे, कुणाची संडासाची वाट कुठून, सगळं. बाकीचे सुतार हसायचे. "मिस्त्री, बेरांदोनला संडास लागली तर सोय झाली हो!" तोही हसायचा. पाणचक्की त्याने तीनदा मोडून चौथ्यांदा मनासारखी केली. गाव आपल्याला तोंडपाठ आहे, याचा त्याला अभिमान होता. हात्सुएला काही विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

सगळ्यात शेवटी वडिलांचं घर. तोकुहेइचे वडीलही सुतार, आणि ते घर त्यांनी स्वतः बांधलेलं, एकही खिळा न वापरता, खाचेत खुंटी बसवून. लहानपणी त्या घराच्या खांबांवरून हात फिरवतच तो काम शिकला होता. त्याने गुडघ्याएवढ्या घरातही तसेच सांधे घातले. कॅमेऱ्याला ते दिसणार नव्हते, कुणालाच दिसणार नव्हते.

चित्रीकरणाच्या आदल्या दुपारी तो करवत घेऊन बसला. घरामागून घर, खांबामागून खांब. पाणचक्कीचे सहा खांब त्याने कापले. कापताना वाईट वाटलं, पण चार सेकंद झाल्यावर ते घर पडायचंच होतं. तीस घरं झाली. वडिलांच्या घराशी आला आणि त्याने करवत खांबाला लावली. लावून तशीच धरून राहिला. घर गावाच्या अगदी डाव्या टोकाला होतं, राक्षसाची वाट तिथून चांगली दोन हात लांब. तिथे कुणाचा पाय पडणार आहे? त्याने करवत पुसली आणि पेटीत ठेवून दिली. आपण काय केलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नवशिक्याला फैलावर घेणारा माणूस, त्याला ठाऊक नसेल तर कुणाला?

मे महिन्यातली सकाळ. सेटच्या चारी कोपऱ्यांत रिवाजाप्रमाणे मीठ टाकलं, तांदळाची दारू शिंपडली, सगळ्यांनी टाळी वाजवून हात जोडले. गेंगो पोशाखात शिरला, पाठीची चेन लागली. वर माळ्यावर दोन माणसं शेपटीच्या तारा धरून बसली. गाव एकदाच मोडता येतं, म्हणून एकाच वेळी तीन कॅमेरे. तोकुहेइ दिव्यांच्या मागे उभा होता. गाव शांत उभं होतं, कुठल्या तरी घरातून लहानसा धूर निघत होता, पाणचक्कीचं चाक मोटरवर फिरत होतं. त्याने मनातल्या मनात एक श्वास घेऊन सोडला. चार सेकंदं झाली. ती चांगली झाली.

मग बेरांदोन डोंगरामागून आला. तालमीत ठरलेली अकरा पावलं. सहा नीट पडली. सातव्याला शेपटीची एक तार तुटली, शेपूट धप्पकन एका बाजूला कलंडलं आणि त्याच्या ओझ्याने गेंगो डावीकडे ओढला गेला. तोल सावरायला त्याने पाय टाकला तो थेट वडिलांच्या घरावर. घराने तो पाय पेलला. शंभर किलोंचा माणूस आणि चाळीस किलोंचं रबर एका क्षणासाठी त्या छपरावर उभं होतं. मग पाय घसरला, घोटा मुडपला आणि बेरांदोन, डोंगर फोडून आलेला, सैन्याला न आवरलेला बेरांदोन, दारूच्या गुत्त्यातून निघाल्यासारखा दोन्ही हात हवेत फिरवत पाठीवर पडला आणि कुवादाइरावरून गडगडत गेला. पाणचक्की त्याच्या पाठीखाली पहिल्या झटक्यात गेली. माळ्यावरचा एकजण फिस्सकन हसला. आतून गेंगोचा ओरडा ऐकू आला तेव्हा तो गप्प झाला.

सगळं गाव सपाट झालं होतं. एकतिसावं घर मात्र जसंच्या तसं उभं होतं.

इगारी चालत त्या घरापाशी आले, वाकले, छपरावर तळवा ठेवून दाबलं. मग अंगाचा भार टाकून दाबलं. "मिस्त्री, हे का पडलं नाही?"

तोकुहेइने मान खाली घातली. सगळे सुतार त्याच्याकडे बघत होते, तो नवशिक्याही.

गाव पुन्हा बांधायला ना वेळ होता ना ऐपत. दुसऱ्या दिवसापासून ती जागा साबणाच्या जाहिरातीला दिलेली होती. जाता जाता इगारी थांबले, बहुधा त्यांना त्या पडलेल्या चेहऱ्याची दया आली असावी. म्हणाले, "सुरुवातीची चार सेकंदं चांगली आलीत. ती राहतील." तोकुहेइने ते वाक्य घट्ट धरलं. घरी गेल्यावर त्याने हात्सुएला तेवढंच सांगितलं.

गेंगोला तो दवाखान्यात भेटायला गेला. गेंगोचा पाय प्लास्टरमध्ये, वर टांगलेला.

"मिस्त्री, खरं सांगा. तो खांब कापला होता का?"

"नव्हता."

"का?"

"हात धजला नाही रे. बाबांचं घर होतं."

गेंगोने टांगलेल्या पायाकडे बघितलं. "अकरा वर्षांत शंभर गावं तुडवली मी," तो म्हणाला, "पहिल्यांदाच एक घर मला पुरून उरलं." आणि हसला. तोकुहेइला त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी गेंगोला सांगून टाकलं होतं की आता पोशाख विसरायचा.

ऑगस्टमध्ये सिनेमा लागला. घराजवळच्या बाजारातलं थिएटर, सकाळचा खेळ, पोरांचा कल्ला, भाजलेल्या सुक्या माकुळ माशांचा वास. हात्सुए ठेवणीतला किमोनो नेसली होती. तिला आता अगदी समोरचंच तेवढं दिसायचं, म्हणून तोकुहेइने तिला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. तिने हातरुमाल काढून डोळे आधीच पुसून घेतले.

सिनेमात बेरांदोन जागा झाला, शास्त्रज्ञांनी नकाशे पसरले, एका बाईने किंकाळी फोडली. "आता?" हात्सुएने विचारलं. "आता येईल," तोकुहेइ म्हणाला. डोंगर फुटला. बेरांदोन डोंगरावरून उतरू लागला, आणि खाली दिसलं ते बंदर. क्रेनी, गोदामं, तेलाच्या टाक्या. ते बंदर तोकुहेइने चार वर्षांपूर्वी दुसऱ्या राक्षसासाठी बांधलं होतं. त्यातली प्रत्येक टाकी त्याच्या ओळखीची होती. जुन्या सिनेमातला मोडतोडीचा तुकडा उचलून इथे डकवला होता. डोंगरावर हिरवा असलेला राक्षस बंदरात शिरताच करडा झाला, शिंग गेलं, शेपूट चौपट जाडजूड झालं.

"अरे, शेपूट वाढलं! शेपूट वाढलं!" पोरं बाकांवर उभी राहून ओरडू लागली. असा आनंद त्यांना अख्ख्या सुट्टीत मिळाला नसेल. "खाऊन आला वाटतं वाटेत!" सगळं थिएटर खिदळत होतं. पोरं खूश होती, आणि सिनेमा त्यांच्यासाठीच होता. त्या गोंधळात पहिल्या रांगेतली एक बाई पापणी न हलवता पडद्याकडे बघत बसली होती.

दिवे लागले.

"तोकु, मला दिसलं नाही रे," हात्सुए हळूच म्हणाली. "चारच सेकंदं ना ती. मी नेमकी तेव्हाच पापणी लववली असणार. नाहीतर दुसरीकडेच बघत राहिले असेन. परत बसू या का? परत लावतात ना?"

गाव तिथे नव्हतंच, हे सांगायला एक वाक्य लागलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. पण त्या वाक्यापाठोपाठ, का नव्हतं, हे आलं असतं. आणि मग तो खांब, ती करवत. "बसू या," तो म्हणाला.

ती दुसऱ्यांदा बसली. अख्खा सिनेमा, दीड तास. या वेळी तिने दोन्ही हातांनी पापण्या वर ओढून धरल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी सोडल्या नाहीत. तोकुहेइ शेजारी बसून ते बघत होता. बंदर आलं, बंदर गेलं. बाहेर पडताना तिने त्याची बाही धरली. "नाही दिसलं. गेले रे माझे डोळे, तोकु. डॉक्टर वर्षअखेर म्हणाले होते, पण हे आत्ताच गेले." त्या दिवसापासून तिने डोळ्यांत औषध घालायचं सोडून दिलं.

नंतर कळलं ते एवढंच: गाव दाखवून बंदर कसं मोडायचं, म्हणून सिनेमाची काटछाट करणाऱ्याने गावच काढून टाकलं. त्याचंही बरोबरच होतं. इगारींना तर आपण काय कबूल केलं होतं, हे आठवतही नव्हतं. कापलेला तुकडा केव्हाच रद्दीत गेला होता. ऑक्टोबरात कामोमे बंद पडलं. रबराचे पोशाख आवारात रचून जाळले. त्या काळ्या धुराने शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं अंथरूण खराब झालं म्हणून भांडण झालं, आणि तेवढ्यावर पंधरा वर्षं संपली. वडिलांचं घर कचऱ्यात निघालं होतं. तोकुहेइने ते कापडात बांधून घरी आणलं.

हात्सुएने त्यावरून हात फिरवला. सांधे चाचपले. "बाबांचाच हात आहे हा," ती म्हणाली. "छान केलंयस." आणि ते बाजूला ठेवून दिलं. पुढे कधीतरी त्या छपरावर तिचा सुयादोऱ्यांचा डबा येऊन बसला.

तेव्हा तोकुहेइने पाणचक्की पुन्हा करायला घेतली. काम नव्हतंच, दिवस मोकळे होते. या वेळी त्याने किरी झाडाचं खरं लाकूड आणलं, एकही खांब कापायचा नव्हता. खाचेत खुंटी, खुंटीवर तुळई. चाकाची प्रत्येक फळी वेगळी, बोटाने फिरवलं की खडखडत फिरणारी. महिनाभराने घर पुरं झालं तेव्हा नोव्हेंबर लागला होता आणि हात्सुएला उजेड-अंधारापलीकडे काही कळत नव्हतं. दुपारच्या उन्हात खिडकीशी बसवून त्याने ते तिच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय?"

"हात लाव."

तिने छपराला हात लावला, मग भिंतीला, मग दाराला. दारापाशी तिची बोटं थबकली. ती नुसती ओठ हलवत होती. मग तिने दारातून आत शिरल्यासारखा डावीकडे हात नेला. तिथे नुसती भिंत होती. तिने हात पुन्हा दारापाशी आणला आणि पुन्हा डावीकडे नेला.

"चाक कुठंय?"

"हे काय, उजवीकडे." त्याने तिचा हात धरून चाकावर ठेवला.

"उजवीकडे नव्हतं रे. आत शिरलं की डाव्या हाताला चाक. त्याच भिंतीला लागून आम्ही निजायचो. पोर त्या खडखडाटाशिवाय झोपायची नाही."

"नाही ताई, उजवीकडेच होतं. मी रोज तिथं मासे धरायचो, मला माहीत नाही का? गाव पाठ आहे मला."

हात्सुएची बोटं चाकावर होती. कपाळाला आठ्या घालून ती कुठेतरी आत शोधत होती, आणि शोधता शोधता तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "असेल," ती शेवटी म्हणाली. "तू म्हणतोस तर उजवीकडेच असेल. माझंच काहीतरी चुकत असेल. डोळे गेले, आता डोकंही चाललं म्हणायचं."

आतापर्यंत तोकुहेइची खात्री होती. तिने हार मानताक्षणी खात्री गेली. मासे तो पुलावरून धरायचा की ओढ्यातून? चाक त्याला समोरून आठवत होतं की मागून? एकतीस घरांपैकी कुणाला जाऊन विचारावं असं, पत्ता ठाऊक असलेलं एकही माणूस उरलं नव्हतं. सहा वर्षं त्या भिंतीशी निजलेल्या बाईकडून त्याने तिची भिंत काढून घेतली होती, आणि ती देऊनही टाकत होती, जसे तिने डोळे देऊन टाकले होते. ते त्याला सहन झालं नाही.

"ताई, तुझं चुकत नाहीये. तेव्हाही नव्हतं चुकलं. त्या सिनेमात गाव नव्हतंच. काढून टाकलं होतं त्यांनी. माझ्यामुळे. बाबांचं घर मी कापलं नाही, गेंगो पडला, म्हणून. तुझे डोळे शाबूत होते तेव्हा. थोडे तरी होते."

खिडकीतून पोरांचा खेळण्याचा आवाज येत होता. हात्सुए त्याच्या दिशेने बघत होती, म्हणजे तोंड त्याच्याकडे होतं.

"तुला पहिल्या खेळालाच कळलं होतं?"

"हो."

"मग मला दुसऱ्यांदा का बसवलंस?"

तोकुहेइचं बोट चाकाला लागलं आणि ते खडखडत फिरलं. मग दोन्ही हातांनी चाचपत, कुठे काही मोडू नये अशा बेताने, तिने ती पाणचक्की त्याच्याकडे सरकवून दिली.